दिलगीर आहोत, पण कोण?

दिलगिरी आणि माफी हे दोन शब्द आपण बोलताना एकाच पिशवीत टाकतो, पण ते एका जातीचे नाहीत. दिलगीर हा फारसीतून आलेला शब्द. दिल म्हणजे मन आणि गीर म्हणजे धरलेलं. मन धरलं गेलंय, उदास झालंय, एवढाच मूळ अर्थ. दिलगीर व्हायला समोर कुणी असावं लागत नाही. पाऊस लांबला म्हणून शेतकरी दिलगीर होतो, त्यात त्याचा काय गुन्हा? माफी मात्र मागावी लागते. मागायची म्हटलं की देणारा आला, आणि देणारा आला की त्याला 'नाही देत जा' म्हणायचा हक्कही आला. म्हणून तर माफी मागायला निघालेल्या माणसाचे पाय जड होतात. दिलगिरी नुसती व्यक्त केली की भागतं.

गेली काही वर्षं माझ्या फोनवर रोज कुणी ना कुणी दिलगीर असतं. बँक असते, गॅसवाले असतात, कुरिअरवाले असतात, विजेचं बिल भरून घेणारं कुठलं तरी ॲप असतं. 'आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल आम्हाला खेद आहे.' माझी पहिली तक्रार साधी आहे. मराठीत गैरसोय असा छान, सगळ्यांना कळणारा शब्द असताना ही असुविधा कुठून आली? हिंदीतून आली, आणि हिंदीत ती इंग्रजीतून आली. म्हणजे दिलगीर होणाऱ्याला माझ्यापर्यंत यायला दोन गाड्या बदलाव्या लागल्या. आमच्या बेळगावात तर फोनवरचा आवाज कन्नड, इंग्लिश आणि हिंदी एवढ्यांचेच आकडे दाबायला सांगतो. मराठीचं बटण पुष्कळदा नसतंच. असलं तर पलीकडून हे असं मराठी येतं.

दुसरी तक्रार व्याकरणाची. 'झालेल्या.' गैरसोय झाली म्हणे. केली कुणी? पोरांच्या हातून कप फुटला की पोरं 'कप फुटला' असंच सांगतात, 'मी फोडला' म्हणत नाहीत. मग आई विचारते, 'आपोआप फुटला काय?' या कंपन्यांना असं विचारणारी आई नाही.

मी काही व्यापार-व्यवस्थापन शिकलेली बाई नाही. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, तेवढीच शिदोरी. आमचे सर कविता शिकवताना तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवायचे. कोण बोलतंय? कुणाशी बोलतंय? आणि कुणी ऐकावं म्हणून बोलतंय? दुसरा आणि तिसरा प्रश्न एकच वाटतो, पण तो एक नाही हे बाईमाणसाला सरांनी शिकवावं लागत नाही. सासू सुनेला ऐकवायचं असलं की मोलकरणीशी बोलते. कंपन्यांची निवेदनं, त्यांचे ट्विट, त्यांची व्हॉट्सॲपवरची गोडगोड उत्तरं मी या तीन प्रश्नांनी वाचते. आणि जितकं वाचते तितकं वाटतं की या नव्या साधनांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांची सरमिसळ करून टाकली आहे, आणि आता तर पहिल्याचं उत्तरच मिळेनासं झालंय.

पूर्वी तरी सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही. कंपनीनं अपघातानंतर आपण होऊन लिखित निवेदन काढायचं, ही रीत अमेरिकेतली. ऑक्टोबर १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली, पन्नासहून अधिक माणसं गेली. आयव्ही ली नावाच्या गृहस्थानं रेल्वेतर्फे लगेच माहिती लिहून वर्तमानपत्रांना दिली, आणि न्यूयॉर्क टाइम्सनं ती जशीच्या तशी छापली. पहिलं प्रेस रिलीज म्हणून तेच सांगितलं जातं. लपवण्यापेक्षा सांगितलेलं बरं, हे शहाणपण त्यात होतं. पण ते निवेदन गाडीत बसलेल्यांच्या घरच्यांसाठी लिहिलेलं नव्हतं, संपादकासाठी लिहिलेलं होतं. तेव्हापासून शंभर वर्षं कंपन्या संपादकाशीच बोलत आल्या.

आपल्याकडचं २००३ सालचं कॅडबरीचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. कंपनीनं आधी सांगितलं की दुकानांत माल नीट ठेवत नाहीत म्हणून असं होतं. दुकानदाराच्या घरातली असल्यामुळे ते वाक्य माझ्या चांगलंच लक्षात राहिलंय. नंतर 'विश्वास' नावाची मोहीम निघाली, वेष्टन बदललं, चांगलं बंद केलेलं दुपदरी वेष्टन आलं, आणि २००४ च्या सुरुवातीला अमिताभ बच्चन येऊन चॉकलेट खाऊ लागले. बच्चनसाहेबांचं राहू दे, पण वेष्टन बदललं हे खरं. ते हातात धरून बघता येत होतं. काम व्हायला काही महिने गेले, आणि त्या महिन्यांत आम्ही गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली.

मग इंटरनेटवाल्यांनी मोठं स्वप्न दाखवलं. १९९९ साली चार अमेरिकन माणसांनी मिळून 'क्लूट्रेन मॅनिफेस्टो' नावाचा जाहीरनामा इंटरनेटवर टाकला. त्यात ९५ कलमं होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बाजार म्हणजे मुळात माणसांचं एकमेकांशी बोलणं; कंपन्या मात्र भाषण ठोकत बसल्या आहेत; आता माणसं इंटरनेटवर आपापसांत बोलू लागली, तेव्हा कंपन्यांनीही माणसासारखं बोलायला शिकावं, नाही तर गप्प पडावं. वाचताना मला आमची खडेबाजार-शहापूरची दुकानंच डोळ्यांपुढं आली. गादीवर बसलेला माणूस, समोर गिऱ्हाईक, मध्ये उलगडलेली साडी आणि तासभर बोलणं. हे स्वप्न वाईट नव्हतं. त्यातला अर्धा भाग खराही झाला. माणसासारखं बोलायला कंपन्या शिकल्या.

त्या कशा शिकल्या याची गोष्ट एका गिटारची आहे. ३१ मार्च २००८ रोजी डेव्ह कॅरोल नावाचा कॅनडाचा गायक हॅलिफॅक्सहून ओमाहाला युनायटेड एअरलाइन्सनं चालला होता. शिकागोच्या विमानतळावर सामान भरणारे त्याच्या वाद्यवृंदाच्या गिटारी फेकताहेत असं मागच्या सीटवरच्या बाईनं पाहिलं. त्याची टेलर कंपनीची गिटार मोडली. दुरुस्तीला १,२०० डॉलर लागले. नऊ महिने तो पत्रं लिहीत, फोन करत बसला. या कचेरीतून त्या कचेरीत, शेवटी एका बाईंनी स्पष्ट 'नाही' म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे, मी तीन गाणी करतो. पहिलं गाणं, 'युनायटेड ब्रेक्स गिटार्स', जुलै २००९ मध्ये यूट्यूबवर आलं. एका दिवसात दीड लाख लोकांनी पाहिलं, दीडेक महिन्यात पन्नास लाखांनी. मग युनायटेडनं फोन केला. भरपाई देतो म्हणाले. आता मला नको, कुणाला तरी द्या, असं तो म्हणाला, तेव्हा त्यांनी एका जॅझ संगीत संस्थेला ३,००० डॉलर दिले. आपल्या कर्मचाऱ्यांना शिकवायला ते गाणं वापरू का, असंही विचारलं.

जनसंपर्क शिकवणारे ही गोष्ट ग्राहकाचा विजय म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. नऊ महिने जो माणूस खरं बोलत होता तो तोच होता, गिटार तीच होती, १,२०० डॉलरही तेवढेच होते. बदलले ते ऐकणारे. कंपनीला त्याचं म्हणणं पहिल्यांदा कळलं ते गाणं आल्यावर नव्हे, कळलेलं होतंच. गाण्यानंतर ते इतरांना कळलं. म्हणजे सरांचा तिसरा प्रश्न. शिवाय सगळ्यांना गाणं कुठं करता येतं? त्याच विमानतळावर त्या वर्षी किती जणांच्या बॅगा मोडल्या असतील, त्यांच्याकडे सूर नव्हता. कॅरोल मात्र भला माणूस. 'नाही' म्हणणाऱ्या बाईंवर लोक तुटून पडू नयेत म्हणून त्यानं सांगितलं की त्या त्यांचं काम चोख करत होत्या, वाईट आहे तो नियम. बोलणारा कोण आणि बोलवणारा कोण, यातला फरक त्याला कळला होता.

युनायटेडला काय कळलं ते आठ वर्षांनी दिसलं. ९ एप्रिल २०१७, शिकागोहून लुईव्हिलला जाणारं विमान. कंपनीला आपले चार कर्मचारी पाठवायचे होते म्हणून बसलेल्या चौघांना उतरवायचं ठरलं. ६९ वर्षांचे एक डॉक्टर उतरेनात. विमानतळाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्यांना सीटवरून ओढून, फरफटत नेलं. त्यांचं नाक मोडलं, दोन दात गेले. शेजारच्या प्रवाशांनी फोनवर सगळं टिपलं आणि ते जगभर गेलं. दुसऱ्या दिवशी कंपनीचे प्रमुख ऑस्कर मुनोझ यांचं निवेदन आलं. त्यात त्यांनी माफी मागितली होती, हे आधी सांगायला हवं. पण कशाबद्दल? या प्रवाशांना 'री-अकोमोडेट' करावं लागल्याबद्दल. म्हणजे त्यांची दुसरीकडे सोय लावावी लागली त्याबद्दल! नाकातनं रक्त गळत असलेल्या म्हाताऱ्याची सोय लावली. 'असुविधा' या शब्दाची मोठी बहीणच ही.

त्याच संध्याकाळी मुनोझ यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं, त्यात तो प्रवासी आडदांड, भांडखोर वागला असा सूर होता. ते पत्रही बाहेर फुटलं. तिसऱ्या दिवशी मग खरी वाटावी अशी माफी आली, कुणालाच असं वागवलं जाऊ नये असं सांगणारी. अठ्ठेचाळीस तासांत एकाच माणसाचे तीन आवाज. पहिला आवाज वकिलाचा, दुसरा मालकाचा, तिसरा शेअर बाजाराला भ्यालेल्याचा, अशी माझी वाचणी आहे. दुसऱ्या कुणाची वेगळी असेल. यातली गंमत पुढेच आहे. याच गृहस्थांना जेमतेम महिन्यापूर्वी, मार्च २०१७ मध्ये, 'पीआर वीक' या जनसंपर्काच्या धंद्यातल्या मासिकानं वर्षातला उत्तम संवादक म्हणून गौरवलं होतं. मी मुनोझ यांना हसत नाही. मासिकाची निवड मला त्याच्या परीनं योग्यच वाटते. त्या क्षेत्रात संवाद म्हणजे सूर, आणि सूर त्यांचा चांगला असेल.

एक मात्र मानलं पाहिजे. आतल्यासाठी एक बोलणं नि बाहेरच्यासाठी दुसरं, ही सोय या साधनांनी काढून घेतली. पूर्वी ते दुसरं पत्र फायलीत राहिलं असतं. हा मोठाच फायदा आहे आणि तो मी कमी लेखत नाही.

आपल्याकडचाही फायदा सांगते. नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ सुरेश प्रभू रेल्वेमंत्री होते, आपल्या कोकणातले. त्यांच्या काळात गाडीतून ट्विट केलं की पुढच्या स्टेशनवर बाळाला दूध मिळालं, आजाऱ्याला डॉक्टर मिळाला, एकट्या बाईला त्रास देणाऱ्याला पोलिसांनी उतरवलं, अशा बातम्या सारख्या यायच्या. ज्या बाळाला दूध मिळालं त्याच्या आईला माझी ही सगळी समीक्षा सांगायला मी जाणार नाही. पण त्याच गाडीला जनरलचा डबा असतो. त्यात दारापाशी बाळ घेऊन बसलेल्या बाईकडे ट्विटर नसतं. रेल्वेची सेवा सुधारली असती तर दूध दोघींना मिळालं असतं. ज्याची बातमी होऊ शकते त्याचंच गाऱ्हाणं आधी, असा एक नवा कायदा आपण न कळत मान्य केला. परदेशात तर माणसाच्या वजनाला आकडा द्यायची सोय निघाली होती. क्लाउट नावाची कंपनी २००८ ते २०१८ अशी दहा वर्षं चालली. इंटरनेटवर तुमचं किती ऐकलं जातं यावरून ती तुम्हाला १ ते १०० मध्ये गुण द्यायची. डेव्ह कॅरोलला गाण्याआधी किती गुण मिळाले असते कोण जाणे.

माझी भाची पुण्यात हेच काम करायची. एका कचेरीत पाच-सहा कंपन्यांच्या तक्रारींना उत्तरं देणाऱ्या मुली बसत, त्यात ही. तिच्यासमोर तयार वाक्यांची यादी असे. पहिलं वाक्य सहानुभूतीचं, दुसरं दिलगिरीचं, तिसऱ्यात 'कृपया आम्हाला डीएम करा', म्हणजे खासगीत लिहा. मी म्हटलं, 'अगं, तक्रार चारचौघांत, दिलगिरीही चारचौघांत, मग उपाय तेवढा दाराआड का?' ती म्हणाली, 'मावशी, दाराआड काय होतं ते मलाही कळत नाही. ते दुसरे लोक बघतात.' एवढ्या साध्या उत्तरात मला सगळं यंत्र दिसलं. बघणाऱ्यांना दिलगिरी दिसते, ताटात काय वाढलं ते दिसत नाही. आणि ही पोरगी दिवसभर, कधी न पाहिलेल्या कंपनीच्या वतीनं, कधी न केलेल्या चुकांसाठी, कधी न भेटणाऱ्या माणसांची क्षमा मागत बसलेली. घरी आल्यावर तिच्या आईशी धड बोलायची नाही. माझ्या बहिणीला वाटायचं, कुणाशी काही प्रकरण आहे की काय.

आम्हा दिगंबरांच्या घरी पर्युषणाचे दहा दिवस झाले की क्षमावाणी येते. 'उत्तम क्षमा' म्हणत घरोघर जायचं असतं. जिच्याशी वर्षभर अबोला आहे तिच्या उंबऱ्याशीही जावं लागतं, आणि खरी क्षमावाणी त्या एका घरची. बाकीची घरं म्हणजे चहा-फराळ. परगावी असलेल्यांना पोस्टकार्ड जाई. आता त्या दिवशी माझ्या फोनवर विम्याचा एजंट उत्तम क्षमा म्हणतो, फ्लॅट बांधणारा म्हणतो, एक सोन्याचं दुकान म्हणतं आणि खाली घडणावळीवर सूट जाहीर करतं. जानेवारी २०१८ पासून व्हॉट्सॲपनं दुकानांसाठी वेगळं ॲप दिलंय. त्यात उत्तरं आधीच भरून ठेवता येतात, एकच निरोप शेकड्यांनी पाठवता येतो. त्यात वाईट काही नाही, साडीचा नवा माल आला हे आम्हीही तसंच कळवतो. पण क्षमा? सोनाराच्या दुकानानं माझं काय बिघडवलं होतं ते तरी सांगावं. काही बिघडवलं असलं तर वजन-काटा घेऊन येते.

भाचीचं काम गेल्या वर्षी कमी झालं. तिच्या गटातल्या बऱ्याच मुलींना घरी पाठवलं, कारण ती तयार वाक्यं म्हणायला आता माणूस लागत नाही. हे होणारच होतं. माणसाला इतकी वर्षं यंत्रासारखं बोलायला लावल्यावर यंत्र माणसासारखं बोलू लागलं तर त्यात आश्चर्य कसलं? जुलै २०२३ मध्ये बेंगळुरूच्या एका कंपनीचे प्रमुख सुमीत शाह यांनी ट्विटरवर जाहीर केलं की ग्राहकांना उत्तरं देणाऱ्या आपल्या नव्वद टक्के माणसांच्या जागी त्यांनी चॅटबॉट बसवला. पहिलं उत्तर मिळायला पूर्वी एक मिनिट चव्वेचाळीस सेकंद लागायचे, आता लगेच मिळतं. तक्रार मिटायला दोन तास तेरा मिनिटं लागायची, आता तीन मिनिटं बारा सेकंद लागतात. खर्च पंच्याऐंशी टक्के कमी झाला. त्या कंपनीचं नाव काय असेल? 'दुकान'. छोट्या दुकानदारांना इंटरनेटवर दुकान मांडून देणारी कंपनी. त्यांच्यावर टीका झाली ती माणसं काढली म्हणून, आणि ती बरोबरच. मला खटकलं ते मोजमाप. किती वेळात उत्तर मिळालं ते मोजलं. जबाबदारी कुणी घेतली हे मोजायला रकानाच नव्हता. 'जबाब' आणि 'जबाबदारी' यांचं नातं शब्दातच आहे, पण पहिला देऊन दुसरी टाळता येते, हे धंद्याला कळलंय.

ते किती टाळता येतं याचा निवाडा कॅनडात झाला. एका माणसाची आजी नोव्हेंबर २०२२ मध्ये वारली. अंत्यविधीला जायचं म्हणून त्यानं एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटला विचारलं. दुःखाच्या प्रसंगी मिळणारी भाड्यातली सवलत प्रवास झाल्यावरही मागता येईल, असं त्यानं सांगितलं. मागितली तर कंपनी म्हणाली, आमच्या नियमात तसं नाही. तो लवादाकडे गेला. तिथं विमान कंपनीनं असा पवित्रा घेतला की चॅटबॉट ही वेगळी, स्वतंत्र व्यक्तीसारखी गोष्ट आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार! ब्रिटिश कोलंबियाच्या लवादानं फेब्रुवारी २०२४ मध्ये ते साफ फेटाळलं आणि सगळं मिळून साधारण ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम एवढीशी. पण तो युक्तिवाद मी दोन-तीनदा वाचला. ज्या आवाजानं 'मी तुम्हाला मदत करते' म्हटलं, 'आजी गेल्याचं ऐकून वाईट वाटलं' या जातीचं बोलायला ज्याला शिकवलेलं असतं, तो आवाज आपला नाहीच असं त्याचा मालक कोर्टात सांगतो. गड्यानं केलेल्या चुकीला मालक जबाबदार, हे आमच्या मामंजींना शाळेत न जाता माहीत होतं.

आपल्याकडे कायदा या बाबतीत बराच सरळ आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याखाली २०२० साली ई-कॉमर्सचे नियम आले. ऑनलाइन विकणाऱ्यानं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क संकेतस्थळावर लावायचा. ४८ तासांत तक्रार पोचल्याचं सांगायचं आणि महिन्याभरात ती मिटवायची. सगळ्यांनी धरून ठेवलं ते ४८ तासांचं, कारण ते यंत्राला अठ्ठेचाळीस सेकंदांतही जमतं. नाव मात्र पानाच्या अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात असतं. मी एकदा चष्मा पुसून शोधलं होतं. सापडलं. फोन लावला तर आधी यंत्रच बोललं.

या सगळ्यात छोटा दुकानदार कुठं आहे, असं कुणी विचारेल. तोही याच रांगेत उभा आहे. आमच्या शहापूरच्या साडीच्या दुकानाला गुगलच्या नकाशावर तारे मिळतात. गाडी लावायला जागा नाही म्हणून कुणी दोन दिलेत, जसं काही गल्ली आम्ही अरुंद केली. त्यांचं काही नाही. पण मागच्या दिवाळीनंतर एका बाईंनी एक तारा देऊन लिहिलं की फॉल-पिकोला आठ दिवस सांगून पंधरा लावले आणि विचारलं तर उलट बोलले. नावाच्या जागी नुसतं टोपणनाव. माझ्या मुलानं लगेच फोनवरच्या एआयला सांगून उत्तर तयार केलं आणि वडिलांना दाखवलं. आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार, ग्राहकांचे समाधान हेच आमचे सर्वोच्च प्राधान्य, आपल्याला आलेल्या अनुभवाबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. शुद्धलेखनाची एक चूक नाही. यांनी चष्मा वर करून विचारलं, 'हे कोण बोलतंय?'

'आपणच की, बाबा.'

'आपण असं कधी बोललोय काय?'

मुलाचंही खोटं नव्हतं. त्याचं म्हणणं, ते उत्तर त्या बाईंसाठी नाहीच. उद्या दुकान शोधणारी जी नवी गिऱ्हाइकं वाचतील त्यांच्यासाठी आहे. म्हणजे पुन्हा तोच तिसरा प्रश्न, आणि त्यानं तो एमबीए न करता ओळखला. धंद्याच्या हिशेबानं त्याचं बरोबरच असेल. घरात दोन दिवस यावर वाद चालला, जेवताना सुद्धा. मी वाढत होते नि ऐकत होते.

शेवटी यांनी स्वतः बसून, एका बोटानं, चार ओळी लिहिल्या. फॉल लावणाऱ्या बाई आजारी होत्या, ते आम्ही आधी कळवायला पाहिजे होतं, कळवलं नाही. उलट बोललो तो मी, माफ करा. साडी नीट झाली नसेल तर दुकानात आणा नाही तर घर सांगा, मी येतो. खाली नाव आणि दुकानातला नंबर. मुलानं 'नंबर कशाला उघड्यावर' म्हणून कपाळाला हात लावला. आठवड्यानं त्या बाईंचा फोन आला. निघाल्या आमच्याच मागच्या गल्लीतल्या, जुन्या गिऱ्हाइकाच्या सून. पदराचा फॉल एका टोकाला सुटला होता, तो यांनी नेऊन लावून आणला.

तारा अजून एकच आहे. तो बदलायचा कसा हे त्यांना येत नाही म्हणे, आणि आम्हीही विचारलेलं नाही.